शारदा सदनातलं उघडं दार : 1893 च्या वादाचा प्रकरण अभ्यास

1893 च्या ऑगस्टमध्ये शारदा सदनाच्या, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या निवासी शाळेच्या, सल्लागार मंडळातल्या मंडळींनी पत्र लिहून सदनाशी असलेला संबंध तोडला. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, डॉ. रा. गो. भांडारकर होते, म्हणजे पुण्यातले रमाबाईंचे सगळ्यांत भक्कम पाठीराखेच. पत्रातली तक्रार नेमकी होती. मुली पंडिता रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेला नियमित बसतात, बायबल वाचतात, त्यांना ख्रिस्ती मतं शिकवली जातात. मुलींना प्रार्थनेला बसू द्या असं बाई पालकांनाही सांगतात. दोन मुलींनी तर आम्ही ख्रिस्ताला मानलं असं घरी सांगून टाकलं आहे. सदन धर्मांतराची संस्था म्हणून चालणार असेल तर आमचं नाव त्याला नको. त्यानंतर वीस-पंचवीस मुलींना घरच्यांनी काढून नेलं.

रमाबाईंची बाजूही साधी होती. सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही, ही अट त्यांनी मोडली नव्हती. त्या आपल्या खोलीत, आपल्या मुलीला, मनोरमेला, जवळ घेऊन प्रार्थना करत. खोलीचं दार लावून घेत नसत. कुणी आत येऊन बसली तर तिला उठवत नसत.

या वादावर लिहिताना एक बाजू घेण्याची आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. ख्रिस्ती लेखक बाईंची बाजू घेतात आणि इतर मंडळाची. कागद नीट वाचले तर मात्र दोघंही खरंच बोलत होते असं दिसतं. अट मोडली नव्हती हे जितकं खरं, तितकंच सदन बदललं होतं हेही. पाळलेला नियम आणि पालटलेलं माणूस एकाच घरात नांदतात तेव्हा काय होतं, हे पाहायला यापेक्षा चांगलं मराठी प्रकरण सापडायचं नाही.

अट कुठून आली

शारदा सदन 11 मार्च 1889 रोजी मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ दोन मुलींवर सुरू झालं. त्यातली एक गोदूबाई, पुढे 11 मार्च 1893 ला धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून झालेल्या आनंदीबाई कर्वे. 1890 च्या नोव्हेंबरात सदन पुण्याला हललं.

पैसा अमेरिकेतून येई. बॉस्टनमध्ये 1887 च्या डिसेंबरात ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली होती आणि तिने दहा वर्षांच्या मदतीचा शब्द दिला होता. गावोगावी ‘रमाबाई सर्कल’ होती, वर्गणी वर्षाला एक डॉलर. शाळा पंथनिरपेक्ष असावी ही अट पुणेकरांनी घातली असं अनेकांना वाटतं. ती बॉस्टनलाही तितकीच हवी होती. असोसिएशनचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल युनिटेरियन पंथाचे, म्हणजे त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही कल्पना) न मानणारे. त्यांच्या बरोबरीने काम करणारे बाकीचे निरनिराळ्या पंथांचे. शाळेत ख्रिस्ती धर्म शिकवायचं ठरलं असतं तर कुणाचा, यावरूनच सभा फुटली असती.

अटीत काय होतं? मुलींना धर्म शिकवायचा नाही, त्यांनी आपापले आचार पाळावेत, जातीचे निर्बंध मोडायला लावायचे नाहीत. ही सगळी मुलींबद्दलची कलमं. संचालिकेच्या स्वतःच्या उपासनेबद्दल त्यात काही नव्हतं. ती कुठे प्रार्थना करील, कोणासमोर करील, आवाज किती मोठा असेल, यातलं काहीच कुणाला लिहून ठेवावंसं वाटलं नाही. कारण 1889 मधल्या रमाबाईंच्या ख्रिस्ती असण्याचा कुणाला त्रास नव्हता. शाकाहारी, पांढऱ्या साडीतली, संस्कृतात अस्खलित बोलणारी ही विधवा बाई दिसायला होती तशीच राहिली होती.

दिसणं आधी तपासलं होतं ते ख्रिस्ती लोकांनी

हा भाग पुण्यातल्या वादाच्या वेळी कुणाला ठाऊक नव्हता, पण प्रकरण समजायला तोच जास्त उपयोगी आहे.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी झाला. तिथल्या अँग्लिकन भगिनीसंघात त्या राहत होत्या. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन. दोघींचा पत्रव्यवहार छापलेला आहे आणि तो वाचताना पुन्हा पुन्हा एक गंमत ध्यानात येते: रमाबाईंची श्रद्धा खरी की वरवरची, याची परीक्षा ताटावरून चालली होती. अंडं घातलेलं पुडिंग त्या खात नाहीत, म्हणजे जातीचा अभिमान गेलेला नाही, असा जेराल्डिनबाईंचा निष्कर्ष. रमाबाईंचं उत्तर असं की मला हिंदू म्हणवून घ्यायला आवडतं आणि पूर्वजांच्या चालीरीती जमतील तेवढ्या मी पाळते. क्रूसावर लॅटिन वचन होतं. मला न समजणाऱ्या भाषेतलं वचन गळ्यात कशाला, संस्कृत का नको, हा त्यांचा सवाल. अथनेशियसचा मतांगीकार, म्हणजे त्रैक्य मांडणारी जुनी ख्रिस्ती कबुली, त्यांना पटत नव्हता आणि न पटलेलं तोंडाने म्हणायला त्या तयार नव्हत्या. 1885 च्या एका पत्रात तर त्यांनी लिहून टाकलं की भारतातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, तसलंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची इच्छा नाही.

जेराल्डिनबाई दुष्ट नव्हत्या. आपल्या धर्मकन्येचा जीव वाचावा म्हणून त्या तळमळत होत्या. पण त्यांच्या हाती मापं होती ती बाहेरची: अन्न, क्रूस, म्हटलेला मतांगीकार. ती मापं लावून निघालेला निष्कर्ष असा होता की ही बाई अर्धीच ख्रिस्ती आहे. दहा वर्षांनी पुण्यात दुसऱ्या बाजूच्या लोकांनीही बाहेरचीच मापं लावली. निष्कर्ष निघाला की ही बाई नको इतकी ख्रिस्ती आहे.

1891 : खोलीच्या आत काय बदललं

रमाबाईंनी 1907 मध्ये आपली साक्ष प्रसिद्ध केली. तीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता आणि तो आपल्याला पुरेसाही वाटत होता, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. निमित्त झालं विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाच्या आत्मचरित्राचं. हॅस्लम कॉर्नवॉलमधल्या बाल्डू इथले पाळक. चर्चच्या इमारतीत, विधींत, सजावटीत रमलेला माणूस. 1851 मध्ये एका रविवारी, स्वतःचाच उपदेश चालू असताना, व्यासपीठावर त्यांचं हृदयपरिवर्तन झालं आणि सभेतून कुणी तरी ओरडलं की पाळकाचं परिवर्तन झालं!

पाळकालाच पालट लागतो, ही कल्पना रमाबाईंना लागली. आपण बाप्तिस्मा घेतला, बायबल वाचलं, वाद घातले, मतं तोलली. हे सगळं प्रामाणिकपणे केलं. आणि तरी ते पुरेसं नव्हतं, असं त्यांनी स्वतःबद्दल म्हटलं. इथे एक बारकावा सुटू देऊ नये. वाँटेजमधल्या रमाबाई ढोंगी नव्हत्या. न पटलेलं म्हणणार नाही हा तर प्रामाणिकपणाचाच कळस. पण जे पटलं ते खोटं न बोलता मान्य करणं, आणि ज्याला मान्य केलं त्याच्यावर जीव टाकणं, यांत आठ वर्षांचं अंतर पडू शकतं. बायबलमधल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला इशारा लोकांना दिसावं म्हणून प्रार्थना करणाऱ्याला आहे. रमाबाईंचा दोष त्यांच्या स्वतःच्याच मते वेगळा होता: त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं आणि लपवायलाही फारसं नव्हतं.

1891 नंतर लपवण्यासारखं काही तरी आलं. प्रार्थना तीच, खोली तीच, आईजवळ बसलेली मनोरमा तीच. पण आत जे चाललं होतं त्याचा आवाज, ओल, आर्जव बदललं. आईच्या मायेला आसुसलेल्या, कपाळ पुसलेल्या मुली बाहेर ओसरीवर वावरत होत्या. त्यांना फरक कळला नसता तरच नवल.

म्हणून सल्लागार मंडळाला बदल जाणवला, पण मोडलेलं कलम दाखवता आलं नाही. ‘शिकवलं जातं’, ‘प्रवृत्त केलं जातं’ असे शब्द त्यांना वापरावे लागले. रमाबाईंना कलम न मोडल्याचं समाधान होतं, पण बदल नाकारता येत नव्हता. करार दाराबद्दलही नव्हता, मग दाराआडच्या विस्तवाबद्दल कुठून असणार?

दार लावायचं की नाही

बायबल जाणणाऱ्याला इथे सरळ अडचण दिसते. मत्तय 6:6 मध्ये येशू सांगतो, प्रार्थना करताना आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे. मग रमाबाईंनी दार उघडं ठेवून त्याच आज्ञेला बगल दिली का?

त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, एकच अध्याय आधी, दिवा लावून मापाखाली ठेवू नये असंही आहे. आणि दानीएल 6:10 आहे: राजाशिवाय कुणाची प्रार्थना करू नये असा हुकूम निघाल्यावर दानीएल घरी गेला, यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्या असलेल्या माडीवर गेला आणि पूर्वीप्रमाणे दिवसातून तीनदा गुडघे टेकत राहिला. त्या वचनात माझ्या मते सगळा भार ‘पूर्वीप्रमाणे’ यावर आहे. हुकूम निघाला म्हणून त्याने खिडकी उघडली नाही, आणि हुकूम निघाला म्हणून लावलीही नाही. सवय आधीची होती. लोकांना दिसावं म्हणून उघडलेली खिडकी आणि लोकांच्या भीतीने लावलेली खिडकी, दोन्हींत नजर लोकांकडेच असते.

या कसोटीवर रमाबाईंची उपासना उतरते. दार लावा हे सांगणं त्यांना मान्य नव्हतं, कारण वाद सुरू झाल्यावर दार लावणं म्हणजे आपण आत काही चोरून करतो आहोत अशी कबुली झाली असती, आणि मुलींसमोर बाईंची दोन रूपं झाली असती. पण ही कसोटी त्यांच्या निम्म्या वर्तनालाच लागू पडते. पालकांकडे जाऊन मुलींना प्रार्थनेला बसू द्या म्हणणं ही दानीएलची खिडकी नव्हे. ती नवी कृती होती. मंडळाच्या पत्रातला सगळ्यांत मजबूत मुद्दा तोच आहे, आणि बाईंच्या बाजूने लिहिणारे त्यावरून घाईघाईने पुढे जातात. उलट त्यात एक सरळपणाही होता, हे त्यांच्या विरोधकांनी कधी धरलं नाही: मुलीला गुपचूप बसवण्यापेक्षा पालकाला विचारणं केव्हाही बरं.

बिघाड खरा कुठे झाला

केसरीने सदनावर टीका सुरू केली ती 1893 च्या कितीतरी आधी. तिला मोठं इंधन मिळालं एका अमेरिकन कागदातून. 1889 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाने कौतुकाने छापलं की सदनात सात तरुण विधवा आहेत आणि त्यांतल्या दोघींनी ख्रिस्ती धर्माबद्दल प्रेम व्यक्त केलं आहे. सदन उघडून तेव्हा नऊ महिने झाले होते! वर्गणीदारांना आनंद व्हावा म्हणून छापलेली ती दोन ओळींची बातमी पुण्यात पोचली आणि रमाबाईंच्या शब्दावरचा विश्वास तिथून उसवायला लागला.

मला या सगळ्या प्रकरणात खरं दिखाऊपण इथे दिसतं. दोन मुलींच्या मनात जे काही अर्धवट उमलत असेल ते त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. समुद्रापलीकडे मात्र ते आकड्यात गेलं. देणगीदारांच्या अहवालात माणसाच्या अंतःकरणाची बातमी गेली की ती परत घेता येत नाही. मुलगी मागे फिरली तर ती ‘पडली’ ठरते, पुढे गेली तर संस्थेने ‘केली’ ठरते. तिच्या श्रद्धेत तिचं असं काही उरत नाही.

दिखाव्याचं राज्य दुसऱ्या बाजूलाही होतंच. 1890 च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर काही मंडळी चहाला गेली, गोपाळराव जोश्यांनी नावं छापून आणली आणि पुढे दीड-दोन वर्षं शहर त्या पेल्यावरून भांडलं. 1892 मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. चहात पाप आहे असं त्यांना वाटत असेल हे संभवत नाही. घरच्यांची, स्नेह्यांची कोंडी फुटावी म्हणून ते केलं गेलं. ज्या गावात मनात नसलेलं प्रायश्चित्त घेतल्याने माणूस परत पंक्तीत येतो, त्या गावात ‘मनात आहे म्हणून दार उघडं आहे’ हे म्हणणं किती चमत्कारिक वाटलं असेल याचा अंदाज यावरून यावा. रानडे-भांडारकर स्वतः प्रार्थना समाजाचे, मूर्तीशिवाय प्रार्थना करणारे. त्यांना रमाबाईंच्या प्रार्थनेचा विटाळ नव्हता. विधवांची ही शाळा बुडेल ही भीती होती, आणि ती अगदी प्रामाणिक होती.

मिशनरी गोटातून टीका उलट दिशेने होत होती: ख्रिस्ती बाईची शाळा आणि बायबलाचा तास नाही, हा कसला ख्रिस्तीपणा?

भाकरीचा प्रश्न

आत्तापर्यंतचं सगळं रमाबाईंच्या सचोटीबद्दल झालं. मुलींच्या सचोटीचं काय? ज्या मुलीला सासर नाही, माहेर नाही, जिचं जेवण आणि अंथरूण बाईंच्या घरात आहे, तिने बाईंच्या शेजारी गुडघे टेकले तर ते ख्रिस्तासाठी, बाईंसाठी की भाकरीसाठी? बाहेरून सांगता येत नाही. आतूनही त्या वयात सांगता येत नाही.

प्राचीन ख्रिस्ती मंडळीला, म्हणजे चर्चला, हा प्रश्न ठाऊक होता. तिसऱ्या शतकातली मानली जाणारी ‘अपॉस्टॉलिक ट्रॅडिशन’ नावाची नियमावली बाप्तिस्म्यापूर्वी तीन वर्षं वचन ऐकायला लावते. कुणाचा उत्साह दांडगा असेल तर मुदत कमी करता येते, कारण काळापेक्षा वर्तन पाहावं असं तीच म्हणते. आणि वर्तन पाहायचं म्हणजे काय? विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेट दिली का, सत्कर्मं केली का. शब्द किती पाठ आहेत याचा त्या यादीत पत्ता नाही.

शारदा सदनातल्या बाराजणींचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला, म्हणजे वादानंतर दोन वर्षांनी आणि सदन सुरू झाल्यावर सहा वर्षांनी. सक्तीचा कारखाना असता तर इतका उशीर लागला नसता. गोदूबाई सदनात चार वर्षं राहिल्या, हिंदू राहिल्या आणि हिंदू म्हणूनच लग्न करून गेल्या. हा दुसरा पुरावा. पण बाईंच्याच साक्षीत एक गोष्ट आहे जी मला खटकते. लोणावळ्याच्या शिबिराला त्या विश्वास ठेवलेल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या आणि तिथे त्यांना प्रेरणा झाली की या संख्येचा वर्ग मागावा: दोनशे पंचवीस. श्रद्धा त्यांची, मागणं देवाकडे, यात ढोंग तिळमात्र नाही. तरी मोजणी आली की आली. न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाचा तो दोनाचा आकडा आणि हा सव्वादोनशेचा आकडा यांत हेतूचं अंतर मोठं आहे, परंतु वसतिगृहातल्या सोळाव्या मुलीला दोन्ही सारखेच ऐकू येतात.

आजच्या वसतिगृहासाठी

ख्रिस्ती संस्था चालवणाऱ्यांना हे प्रकरण रोज भेटतं, फक्त पत्र लिहायला रानडे नसतात. राज्यघटनेच्या कलम 28(3) नुसार सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही आणि अल्पवयीन असेल तर संमती पालकाची लागते. रमाबाई पालकांकडे जात होत्या तो मार्ग आता कायद्याचाच झाला. पण सही घेतली म्हणजे काम भागलं असं नाही. प्रवेशाच्या अर्जातच छापील ओळ टाकून घेतलेली सही निरुपयोगी असते, कारण पालकाच्या डोळ्यांपुढे तेव्हा फक्त मिळालेली जागा असते. संमतीचा कागद वेगळा असावा, प्रवेश पक्का झाल्यावर काही आठवड्यांनी द्यावा, आणि ‘नाही’ म्हटल्याने काहीही बदलणार नाही हे त्यावर मोठ्या अक्षरांत असावं.

प्रार्थनेची वेळ जेवणाच्या घंटेला चिकटवू नये. संध्याकाळची उपासना आणि लगेच ताट, ही आपल्याकडची सर्रास रीत. न बसणारी मुलगी मग रिकाम्या ओट्यावर एकटी दिसते आणि तिथेच तिच्यावर ताण येतो. अर्ध्या तासाचं अंतर पुरतं, आणि त्या वेळात बाकीच्यांसाठी अभ्यासाची खोली उघडी, दिवा लावलेला हवा. जी व्यक्ती उपासना चालवते तिच्याकडे सुट्टी, कपडे, फी-माफी यांचा निर्णय नसावा. रमाबाईंकडे हे सगळं एकवटलेलं होतं, त्याला दुसरा इलाज नव्हता, आज असतो.

मुलीने स्वतःहून बाप्तिस्मा मागितला तर संस्थेत असताना तो देऊ नये, शिक्षण संपून ती स्वतःच्या पायावर उभी राहिल्यावर द्यावा, असा दंडक घालणं बरं. पाळक कुरकुरतात की आत्म्याचं काम अडवता येत नाही. आत्म्याचं काम दोन-तीन वर्षांत विझत नाही. रमाबाईंचं आठ वर्षं थांबलं होतं. आणि देणगीदारांच्या पत्रकात किती जणी दहावी झाल्या, किती परिचारिका झाल्या, हे जरूर द्यावं. कुणाच्या मनात काय उमललं हे त्यात येऊ नये, फोटो तर मुळीच नको.

राहता राहिला संचालिकेच्या खोलीचा प्रश्न. तिची उपासना तिची आहे, ती लपवायला लावणं चूक. पण आपली प्रार्थना, आपला उपास, आपलं क्रूस घालणं कसं असेल हे नेमणुकीच्या वेळीच मंडळापुढे स्पष्ट सांगावं आणि पुढे मनात पालट झाला तर तोही उठून सांगावा. 1889 चा करार करणारी बाई 1891 मध्ये राहिली नव्हती, आणि हे सल्लागारांना तिच्या तोंडून कळण्याऐवजी मुलींच्या घरून कळलं.

दहा वर्षांची मुदत 1898 मध्ये संपली तेव्हा रमाबाई स्वतः बॉस्टनला गेल्या. जुनी असोसिएशन विसर्जित होऊन नवी उभी राहिली, आणि दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशन उघड ख्रिस्ती संस्था म्हणून वाढलं. त्याआधीच, 1896 मध्ये, कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी वेगळा आश्रम काढला होता. त्याच्या वर्गणीसाठी फिरणाऱ्यांत शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी होती.